आंब्याला घातलेले टाके

गिरडजवळच्या एका गावात जनावरांचा दवाखाना आहे. पौर्णिमा तिथे पशुधन पर्यवेक्षक आहे. शिंग लागून बैलाची मांडी फाटली की लोक तिलाच बोलावतात, कारण तिने घातलेला टाका उसवत नाही. ती आधी जखम धुते, मग विरघळणाऱ्या दोऱ्याने आतल्या मांसाला मांस जोडते आणि शेवटी कातड्याला कातडं. नुसतं वरून शिवलं तर आत पू धरतो, हे ती दर वेळी मालकाला समजावते. बैल हलायला लागला तर बैलालाही समजावते.

तिचे वडील प्रेमदास एसटीत चालक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे एक आंबा लावला. तो बघता बघता मांडीएवढा जाड झाला. सकाळचा चहा ते त्याच्याजवळ खुर्ची टाकूनच घेत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते चहा न घेताच आत आले. सायाळीने बुंध्याची साल चहूबाजूंनी कुरतडून काढली होती. वीतभर पांढरं लाकूड उघडं पडलं होतं आणि खाली तिचे दोन काटे पडलेले होते. शेजारचे अंकुशभाऊ म्हणाले, आता हे झाड गेलं, तोडून टाका. प्रेमदासांना ते पटेना. पानं तर हिरवीगार होती.

पौर्णिमाने आपली मैत्रीण जागृती हिला फोन केला. जागृती समुद्रपूरच्या रोपवाटिकेत कलमं बांधायचं काम पाहते. ती दुपारी आली, बुंध्यापाशी उकिडवी बसली आणि उघड्या लाकडावरून बोट फिरवून पाहिलं.

"पानं हिरवी हायेत, कारण पाणी आतल्या लाकडातून वर चढते," ती म्हणाली. "पण पानानं बनवलेलं अन्न सालीतून खाली जाते. तो रस्ताच तुटला. मुळं उपाशी हायेत, काका. काही महिने तग धरतील, मंग झाड वाळून जाईल."

प्रेमदासांनी मुलीकडे पाहिलं. "तू बैलाले शिवते. याले काऊन नाई शिवत?"

त्यावर जागृती हसली आणि म्हणाली की अगदी तसंच करता येतं. याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या घ्यायच्या, त्यांचं एक टोक जखमेच्या खालच्या सालीत आणि दुसरं वरच्या सालीत बसवायचं, म्हणजे त्या काड्यांमधून अन्न खाली उतरेल. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ, ओलसर थर असतो. झाडाची जाडी त्यानेच वाढते आणि जखमही तोच भरून काढतो. काडीचा तो थर बुंध्याच्या थराला टेकला तरच जोड धरतो.

"म्हणजे थराले थर," पौर्णिमा म्हणाली. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

कामाला दोघी बसल्या. जागृती काड्या तासून द्यायची आणि पौर्णिमा सालीत चीर पाडून त्या सरकवायची. एक काडी तिने उलटी बसवली तेव्हा जागृतीने तिचा हात धरला. काडीचा शेंडा वरच हवा, झाडाला वरखाली कळतं, असं तिने सांगितलं. बारीक खिळ्यांनी काड्या पक्क्या केल्या, जोडांवर वितळलेलं मेण लावलं, पट्ट्या बांधल्या. आंब्याचा चीक लागून पौर्णिमाच्या मनगटावर पुरळ उठलं. प्रेमदासांनी भोवती जाळी ठोकली. संध्याकाळी अंकुशभाऊ डोकावले आणि पेशंटला सलाइन कधी लावणार म्हणून विचारून गेले.

उन्हाळा तापला तशा दोन काड्या वाळल्या. प्रेमदासांचं जेवणात लक्ष लागेना. पौर्णिमा दवाखान्यातून आली की आधी मागे जाऊन पट्ट्या पाहायची. एके दिवशी तिला एका काडीवर हिरवा कोंब दिसला. तिने हाक मारली तसे प्रेमदास अनवाणीच धावत आले. जागृतीने मात्र तो कोंब खुडून टाकायला सांगितला, काडीने अन्न खाली न्यायचं सोडून पानं काढत बसू नये म्हणून. तो खुडताना प्रेमदासांचा जीव खालीवर झाला.

पावसाळा संपेपर्यंत उरलेल्या काड्या अंगठ्याएवढ्या झाल्या आणि जोडांवर सालीच्या गाठी आल्या. लोक बघायला येऊ लागले. पौर्णिमा कोणाच्या गाईला तपासायला गेली तरी निघताना तिला एखादं कुरतडलेलं संत्र्याचं झाड दाखवलं जाई. तेव्हा ती जागृतीला फोन लावी आणि सुट्टीच्या दिवशी दोघी स्कूटीवरून तिकडे जात.

पुढच्या वर्षी आंब्याला मोहर आला आणि थोडी फळंही धरली. पहिलं पिकलेलं फळ प्रेमदासांनी अंकुशभाऊंना दिलं. अंकुशभाऊंनी चोखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "लय आंबट हाय, प्रेमदास."

"हो नं," प्रेमदास म्हणाले. ते स्वतः दुसरं फळ चोखत होते, रस कोपरापर्यंत ओघळत होता, आणि तेवढ्यात त्यांनी तिसऱ्याकडे हात नेला.