राणीचं माहेर

जबलपूरहून शहपुऱ्याच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. तिथं तलावाच्या काठावर दोन दगडी छत्र्या आहेत. छत्री म्हणजे समाधीवर बांधलेला घुमट. मोठी राजाची, छोटी राणीची. राजा काही फार मोठा नव्हता, आसपासच्या थोड्या गावांचा धनी. पण त्याच्या छत्रीवर त्याची मूर्ती, त्याचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, सगळं कोरलेलं. राणीच्या छत्रीवर एक अक्षर नाही. एक बाई कोरली आहे, बस.

मी फॅक्टरीत लेथवर होतो तेव्हा तिकडच्या एका सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. तिथं विचारलं, हिचं नाव काय? म्हणाले, रानी साहब. म्हटलं, ते समजलं, पण नाव? तर म्हणे, रानी साहब, और क्या. तलाव तिनं खोदवला हे सगळ्यांना ठाऊक, तिचं पाणी सगळे पितात, आणि नाव कोणालाच येत नाही. मला राग आला. तो राग रिटायर झाल्यावरही उतरला नाही, तेव्हा मी तिचं चरित्र लिहायला बसलो.

शाळा माझी पाचवीपर्यंत. घरात सगळे हसले. मुलगा म्हणाला, बाबा, जिच्याबद्दल कोणाला काही माहीतच नाही तिचं चरित्र कसं लिहिता येईल? मी म्हटलं, जिच्याबद्दल माहीत आहे तिचं तर कोणीही लिहील.

राजाबद्दल एका जुन्या सरकारी पुस्तकात थोडं सापडलं. कोणाशी लढला, कोणाला शरण गेला, केव्हा वारला. शेवटी, त्याच्या राणीनं तलाव बांधवला, एवढंच. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंना भेटलो. त्यांनी चहा पाजला, आस्थेनं ऐकलं आणि सांगितलं, काका, जेवढं मिळते तेवढं लिहा, बाकीची जागा रिकामी सोडा. सल्ला चांगला होता. पण अर्धवट जॉब मशीनवर सोडून घरी जायची सवय मला कधी नव्हती.

आणि मला एक खूण सापडली होती. छत्रीवरची ती बाई काष्टा घातलेली आहे. निऱ्या मागे खोचलेल्या, स्पष्ट दिसतात. आमचा खापरपणजा नागपूरकरांच्या चाकरीत इकडे आला, तेव्हापासून आम्ही या हिंदी मुलखात मराठी टिकवून राहिलो आहोत. दगडात काष्टा पाहिला आणि मी ठरवूनच टाकलं की राणी आपली आहे. मग काय, पहिलं प्रकरण आपोआप लिहून झालं. नागपूरकडच्या सरदाराची लेक, मेण्यातून निघालेली, सोबत दासी, डोक्यावर पाण्याचा कलश घेऊन वेशीत शिरली. कलश कारण कोरीव बाईच्या डोक्यावर काहीतरी आहे, आणि मला तो कलशच दिसला.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सचिवांना प्रकरण फार आवडलं. ते विजय नगरात राहतात, माझ्या मुलाच्या वयाचे, मनानं चांगले. म्हणाले, काका, आपली लेक इथं राणी होती हे आपल्या पोरांना कळलं पाहिजे. गणपतीत पुस्तकाचं प्रकाशन करायचं ठरलं. आयुष्यात स्टेजवर मी फक्त खुर्च्या लावायला चढलो होतो. आता तिथं शाल मिळणार होती. खोटं काहून सांगू, मी आरशासमोर दोन शब्द बोलूनही पाहिले.

कव्हरवर छत्रीचा फोटो हवा म्हणून उन्हाळ्यात बायकोला घेऊन तलावावर गेलो. तिथं सावलीत एक म्हातारा बसला होता. नदीपलीकडच्या गावचा, बाजाराला आलेला. घामानं भिजला होता. बायकोनं त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली. त्यानं विचारलं, इथलंच पाणी आहे का? ती म्हणाली, हो, आत्ताच हँडपंपावर भरली. त्यानं हात जोडले.

"हम इतै को पानी नईं पियत, बाई. बिटिया ब्याही है इतै."

लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही अशी जुन्या लोकांची रीत. आपल्यातही होतंच की. माझे सासरे आमच्याकडे यायचे तेव्हा आम्हाला मूल होईपर्यंत घरून डबा बांधून आणायचे. बायकोला तेच आठवलं असेल. तिनं मायेनं विचारलं, तुमची मुलगी का? म्हाताऱ्यानं हनुवटीनं छोट्या छत्रीकडे दाखवलं. म्हणाला, वही तो है. त्यांच्या गावचं कोणीच इथं पाणी पीत नाही. किती पिढ्या झाल्या ते त्याला माहीत नव्हतं. नाव विचारलं तर म्हणाला, यहाँ रानी होगी, हमारे यहाँ तो बिटिया.

परतताना बसमध्ये बायको म्हणाली, "अहो, काष्टा नीट पाहिला का? आपला पायघोळ असते. हिचा गुडघ्यावर आहे."

मी म्हटलं, कारागिरानं दगड वाचवला असेल.

"मग राजाच्या छत्रीवर काहून नाही वाचवला? त्याच्या तर मिशासुद्धा पुऱ्या आहेत."

सचिवांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, काका, एक म्हातारा पाणी प्यायला नाही म्हणून इतिहास बदलते का? मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. तरी टोचत राहिलं, आणि टोचलेली गोष्ट मी सोडत नाही. मी ठरवलं, त्या गावात जायचं आणि म्हाताऱ्याचं म्हणणं खोटं पाडून यायचं. फोटो आणि हस्तलिखित पिशवीत घातलं.

मी गेलो तेव्हा धानाची रोपणी चालू होती. बस फाट्यावर सोडते, पुढे बांधावरून चालावं लागतं. मी पावसाची छत्री बगलेत मारून चिखल तुडवत होतो आणि मान वर केली तर ती समोर उभी. छत्रीवरची बाई. एक नाही, अख्ख्या शेतात त्याच. धोतरासारखी साडी मागे खोचून गुडघ्यापर्यंत ओढलेली, तस्साच काष्टा, तस्सेच उघडे पाय. इकडच्या बाया कामाला उतरताना साडी अशीच बांधतात. सारा जन्म जबलपुरात काढला, रिछाईच्या फॅक्टरीत जाताना रस्त्याच्या कामावर शंभरदा पाहिल्या असतील. पण दगडात पाहिलं तेव्हा मला फक्त आपलं दिसलं.

बांधावर बसलेल्या एका बाईला फोटो दाखवला. विचारलं, डोक्यावर काय आहे? तिनं डोळे बारीक केले. म्हणाली, माटी ढो रई है, और का.

कलश नव्हता. मातीची टोपली होती.

म्हाताऱ्यानं मला ओळखलं. खाटेवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं, आणि माझं काही न ऐकता भाकरी, भाजी, वर गूळ असं पुढं ठेवलं. लेकीच्या गावी भेटलेला माणूस म्हणजे त्याच्या लेखी व्याह्याकडचाच झाला. बघता बघता आणखी लोक जमले. म्हाताऱ्यानं सगळ्यांना सांगितलं की हे बाबूजी बिटियावर किताब लिहून राहिले आहेत. खोटं पाडायला आलेला मी, पाहुणचार घेत बसलो.

मग कोणीतरी विचारलं, किताब में क्या लिखा है? पिशवीत पहिलं प्रकरण होतं, मेणा, दासी, सरदार. ते मी बाहेर काढलं नाही. राजाच्या लढाया सांगितल्या, तलाव किती खोल आहे ते सांगितलं. लोकांनी माना हलवल्या, पण त्यांना ते नको होतं. म्हातारा जरा पुढं सरकला.

"और बिटिया? सुख से रही उतै?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. जशी ती मागच्या वर्षीच दिली असावी आणि मी तिकडून निरोप घेऊन आलो असावा. चौथ्या प्रकरणात मी लिहिलं होतं, राणी सासरी सुखात नांदत होती. अक्षर चांगलं आलं होतं त्या पानाचं. एवढं वाचून दाखवलं असतं तरी त्या अंगणातले सगळे आनंदानं उठले असते. कोण तपासायला जाणार होतं?

पण ज्या माणसांनी इतक्या पिढ्या तहान मारली त्यांना मनचं काहीतरी कसं सांगणार?

"पता नहीं, दादा," मी म्हटलं. "कहीं लिखा नहीं है."

एका बाईनं माझ्या ताटात आणखी गूळ ठेवला. म्हातारा म्हणाला, "तो इतनो लिख दो, मायके वालों ने पूछी थी."

घरी आल्यावर पहिलं प्रकरण काढून टाकलं आणि सचिवांना फोन करून राणी आपली नाही असं सांगितलं. ते म्हणाले, मग मंडळात कोण ऐकायला येईल काका, त्या दिवशी भावगीतं ठेवतो. त्यांचंही चूक नव्हतं. बायको म्हणाली, शाल मी आणते. मी म्हटलं, नको, गरम होते.

मग चौथं प्रकरण उघडलं. राणी सुखात नांदत होती, या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: राणी सासरी कशी होती ते कळत नाही. तिच्या माहेरची माणसं अजून विचारतात.