हाताला मऊ लागणारा माल

अलकाताई मशीनवरून अर्धवट उठल्या आणि परत खाली बसल्या. हाक मारली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी चेकिंग टेबल सोडून जवळ गेले. स्टुलावर डाग होता, ड्रेसवर त्याहून मोठा. मागे पॅकिंगचे चार पुरुष खोके बांधत होते. त्यांचे हात थांबले होते.

"मॅडम, तुम्ही म्हणालात आठ तास बघायला नको," त्या हळूच म्हणाल्या. "दोन तासही नाही झाले."

मी माझी ओढणी त्यांच्या कमरेला गुंडाळली आणि त्यांना बाहेर नेलं.

उल्हासनगरच्या एका अंतर्वस्त्रांच्या युनिटमध्ये मी क्वालिटी बघते. बी.एस्सी. केमिस्ट्री. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत हमाली करायचे, आमच्यात कॉलेजला गेलेली मी पहिली. हे मी कोणालाही सांगते.

सेठनी पिरियड पँटी काढायचं ठरवलं होतं. पॅड नाही, नुसती ही घालायची, धुवायची, वाळवून पुन्हा वापरायची. मला ते मनापासून पटलं. आमच्या लेडीज टॉयलेटमधला पॅडचा डबा कचरेवाला उचलत नसे. बायका वापरलेलं पॅड कागदात बांधून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत लपवून घरी न्यायच्या.

बायरची अट होती, आधी वेअर ट्रायल. म्हणजे खऱ्या बायकांनी घालून बघायची. मी लाइनवरच्या बायकांना विचारलं. सगळ्या खाली बघायला लागल्या.

"रक्त पिणारी चड्डी?" ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवरच्या अलकाताई म्हणाल्या. "म्हणजे आमच्या सासूबाईच की! द्या, आणा इकडे."

सगळ्या हसल्या. अलकाताई तयार झाल्या म्हणून आणखी पाच जणी तयार झाल्या.

या पँटीत तीन थर असतात. वरचा ओल आत ओढतो, मधला धरून ठेवतो, खालचा बाहेर जाऊ देत नाही. मी ड्रॉपरने पाण्याचे थेंब टाकून बघितले. थेंब पडला की गुडुप. रिपोर्टवर सही केली.

मग सेठनी पीस हातात घेतला आणि अंगठा-बोटात चोळला. आमच्या मार्केटमध्ये माल असाच बघतात. आधी बोटं, मग भाव.

"कडक लग रहा है, मॅडम. गाहक पहले हाथ लगाता है."

"मग सॉफ्टनर मारून घेऊ, सेठ," मी म्हणाले. मीच म्हणाले.

इथून निघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मालाला शेवटच्या धुण्यात सॉफ्टनर मारतात. त्यात कोणाला काही वाटत नाही, मलाही वाटलं नाही. माल मऊ होऊन आला, मी तसाच सहा जणींना वाटून टाकला.

अलकाताईंना रिक्षात बसवून आल्यावर मी उरलेल्या पीसवर पुन्हा थेंब टाकला. अळूच्या पानावर बसावा तसा बसला. हलवला तर घरंगळून कडेला गेला. सॉफ्टनर धाग्यावर तेलकट पातळ थर देतो, त्यातून पाणी आत जात नाही. हे मला कळायला हवं होतं. तेच तर शिकले होते.

सेठना सांगितलं.

"रिपोर्ट में लिखो, ऑपरेटरने ठीक से पहना नहीं."

"असं नाही लिहिणार मी."

"फिर क्या लिखोगी?"

"सॉफ्टनर मारल्यावर पुन्हा टेस्ट केली नाही. आणि खाली माझं नाव."

तसंच लिहिलं. बायरने माल नाकारला. सेठनी मला काढलं नाही, पण पँटीचा विषय तिथेच संपवला. बाकीच्या पाच जणींनी आपापले पीस माझ्या टेबलवर ठेवले, न वापरलेले, घडी न मोडता.

मी सॉफ्टनर न मारलेले थोडे पीस शिवून घेतले आणि दोन महिने स्वतः वापरले. बदलापूरच्या घरून उल्हासनगर, दिवसभर ड्युटी, परत घर. एकदाही डाग नाही. मग त्यातले दोन नवे पीस पुडक्यात बांधून विठ्ठलवाडीला अलकाताईंच्या चाळीत गेले. त्या दिवसापासून त्या कामावर आल्या नव्हत्या.

त्यांनी चहा केला. "घरात सांगितलं, मशीन बिघडली म्हणून मला घरी बसवलंय."

"ताई, चूक सापडली. आता बरोबर झालंय. मी स्वतः दोन महिने घालून बघितलं."

"असेल. तुम्ही शिकलेल्या आहात." त्यांनी पुडकं उघडलं नाही. "पण मॅडम, तुम्ही घातलीत ती नंतर. आधी मला घातलीत."

मी चहा संपवून निघाले.

अलकाताई आता दुसऱ्या युनिटमध्ये धागे कापतात, शिकाऊ मुलींचं काम. पंधरा वर्षं ओव्हरलॉक चालवलेली बाई. टॉयलेटमधला डबा तसाच भरतो, पिशव्या तशाच घरी जातात. माझ्या प्रत्येक रिपोर्टवर आता एक ओळ जास्त असते : 'टेस्ट शेवटच्या धुण्यानंतर केली.'