डिमेलो मास्तरांच्या चाली

राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टरांनी जोतीराम अवघडेचं तोंड तपासलं. वरचे पुढचे दात मुळापासून हलत होते.

"काढावे लागतील. ट्रंपेट आजपासून बंद."

"थोडं थांबा, डॉक्टर. एक काम ऱ्हायलंय," जोतीराम म्हणाला.

साल बहात्तर. जोतीराम लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, पण त्याला घडवलं होतं डिमेलो मास्तरांनी. संस्थानाच्या काळात मास्तरांचा मोठा बँड मेजवान्यांना इंग्रजी नाचाच्या चाली वाजवायचा. स्विंग म्हणत त्याला. संस्थान गेलं, बँड मोडला. आता मास्तर अर्धांगवायूनं अंथरुणावर होते. वाचा गेली होती, कान तेवढे शाबूत होते. दात आहेत तोवर त्यांच्या चाली टेपवर घेऊन त्यांना ऐकवायच्या, या एकाच विचारानं जोतीरामला पछाडलं.

त्यानं पेठ वडगावचे, मुरगूडचे वाजंत्री गोळा केले. पण सगळ्यांच्या हाताला वरातीचा ठेका.

"आरं, नवरदेव घोड्यावर न्हाय बसला! जरा मागं रेलून वाजवा की!" जोतीराम ओरडायचा. रोज हिरड्यांतून रक्त यायचं. तो मिठाच्या पाण्यानं चूळ भरून पुन्हा उभा राहायचा.

बायको शालूबाई रडकुंडीला आली. "तोंड सडंल तुमचं. म्हाताऱ्यापायी जीव देताय व्हय?"

"त्यांनीच दिलंय हे तोंड," तो म्हणाला.

एका शाळेच्या हॉलमध्ये, मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर दोन चाली चांगल्या उतरल्या. तिसरीत ट्रंपेट एकटाच वर चढत जायचा होता. जोतीरामनं श्वास भरला, सूर चढवला, आणि ऐन वरच्या सुराला दात निसटला. सूर फाटला. शर्टावर रक्त सांडलं. तरीही मुरगूडचा ज्ञानू थांबला नाही, आपल्या क्लॅरिनेटवर त्यानं चाल शेवटाला नेली.

"पुन्हा घेऊ," जोतीराम म्हणाला. पण फुंकलं तर नुसता वारा. त्यानं तीनदा, चारदा फुंकलं. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि सगळ्यांसमोर हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन तो मास्तरांकडे गेला. पहिल्या दोन चाली मास्तरांनी डोळे मिटून ऐकल्या. तिसरी फाटायच्या आत बंद करावी म्हणून त्यानं हात पुढं केला. मास्तरांनी डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट धरलं. टेप संपेपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सुखाचं की फाटलेल्या सुराचं, हे जोतीरामला शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तर त्याच पावसाळ्यात गेले.

कवळी बसली, पण ओठांत जोर आला नाही. बँडमध्ये तो मोठा ढोल वाजवू लागला. मालकानं ट्रंपेटसाठी नवा माणूस ठेवला. वरातीत जोतीराम त्याच्या मागं चालायचा, आणि त्या नव्या माणसाचा सूर लागला नाही की मान खाली घालायचा.