सालेर्नोच्या खालचं घर

फोन वाजला तेव्हा मी दुकानात एका बाईंशी पडद्याच्या कापडावरून घासाघीस करत होते. मोबाइलवर दादाच्या मँचेस्टरच्या घरचा नंबर दिसला आणि मनात म्हटलं, आली एकदाची हाक. तीन आठवडे मी त्या फोनची वाट पाहत होते, आणि म्हणूनच तो लगेच उचलला नाही. चार-पाच रिंग वाजू दिल्या. झटकन उचलला तर वाट बघत बसले होते असं वाटलं असतं... मग सावकाश, कापडाची घडी घालत, कानाला लावला. पलीकडे वहिनी होती. ती एवढंच म्हणाली, "वसू, हे गेले गं."

त्याला आता दीड महिना झाला. त्या वाजू दिलेल्या रिंगा मला अजून ऐकू येतात.

आम्ही मूळचे सोलापूरचे, दोघंच भावंडं. बाजारात आईचा एक नियम होता. भाव पटला नाही की उठायचं, चालायला लागायचं आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. चार पावलांत हाक येतेच. घरी तिचा दुसरा नियम होता. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. काही राहिलंच असेल तर धावत जाऊन त्याच्या पुढ्यात उभं राहायचं. मी बाजारातला नियम घेतला आणि लग्न होऊन नॉटिंगहॅमला आल्यावर मार्केटमधल्या एका टेबलापासून पडद्यांची दोन दुकानं उभी केली. दादानं घरचा नियम घेतला. माझा डबा राहिला की तो गल्लीच्या टोकापर्यंत पळत यायचा, मला ओलांडून पुढे जायचा आणि धापा टाकत डबा समोर धरायचा. पुढे तो डॉक्टर झाला, भूल देणारा. घरातून एकालाच शिकवणं शक्य होतं आणि तो एक म्हणजे तो, हे मी त्याला जन्मभर ऐकवलं. तो ऐकून घ्यायचा. त्याचाही मला राग यायचा.

या फेब्रुवारीत त्यानं आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर टेबल पुसून त्यावर दक्षिण इटलीचा नकाशा पसरला. नेपल्सला उतरायचं, दोन गाड्या भाड्यानं घ्यायच्या, अमाल्फीच्या वळणावळणाच्या रस्त्यानं सालेर्नो, आणि तिथून आणखी खाली, टुरिस्टांची गर्दी संपते तिथं, एका छोट्या गावात समुद्रासमोर अख्खं घर. त्याच्या हॉस्पिटलमध्ये पूर्वी त्या गावची एक बाई साफसफाईला होती. तिच्या गप्पा ऐकून वीस वर्षं त्याच्या डोक्यात ते गाव बसलं होतं. आम्हा सोलापूरकरांना समुद्राचं काय अप्रूप असतं ते कोकणातल्या माणसाला नाही कळायचं. पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे, ही त्याची एकच अट. इंटरनेटवरून काढलेले घराचे फोटो त्यानं प्रिंट करून फाइलला लावले होते. कोणाला कुठली खोली तेसुद्धा पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं.

जायचं जूनमध्ये, असं त्यानं ठरवलं होतं. मी म्हटलं, सप्टेंबरमध्ये जाऊ, तेव्हा सगळंच स्वस्त होतं, जूनमध्ये समुद्र काय जास्त निळा असतो? तो म्हणाला, "सप्टेंबर कोणी पाहिलाय, वसू?" त्याचा स्वेटर खांद्यावरून लोंबत होता. मी वहिनीला टोमणा मारला की नवऱ्याला जेवायला घालत नाहीस का गं. त्यावर दादाच म्हणाला, "इटलीतल्या पास्त्यासाठी जागा करतोय." सगळे हसले. वहिनी ताटं उचलून किचनमध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही... मला वाटलं, माझं बोलणं लागलं.

घराच्या मालकिणीशी बोलायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. दादाला काय, मागितला भाव दिला असता त्यानं. बाई म्हातारी, इंग्रजी मोडकंतोडकं, पण पैशाला चिकट. दोन फोन झाले. तिसऱ्या फोनवर मी सांगितलं, नको आम्हाला तुमचं घर, आणि ठेवून दिला. आता तिचा फोन येणार हे मला पक्कं ठाऊक होतं. दादा रोज विचारायचा, आला का फोन? मी सांगायची, येईल, तू मध्ये पडू नकोस. फोन आला नाही. बारा दिवसांनी दादानंच न राहवून तिला विचारलं, तर घर एका जर्मन कुटुंबाला देऊन झालं होतं.

मी त्याच रविवारी मँचेस्टरला गेले, दुसरी दहा घरं दाखवायला. ती त्यानं बघितलीही नाहीत. फाइल बंद करत म्हणाला, "तुला घर नको होतं, वसू. तुला फक्त जिंकायचं होतं."

जन्मात तो मला असं बोलला नव्हता. मग माझा तोल गेला. शाळा, कॉलेज, डॉक्टरकी, आईबाबांच्या आजारपणात कोण कितीदा सोलापूरला गेलं, सगळं काढलं. जिंकल्याशिवाय माझ्यासारखीला इथं उभं कोणी केलं असतं का, असंही म्हणाले. कोट घेतला आणि निघाले. गाडीत बसून उगाच ग्लव्ह बॉक्स आवरला. पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. हाक यायला पुरेसा वेळ दिला मी. वळून मात्र बघितलं नाही, आरशातसुद्धा. मग निघाले, आणि त्यानंतर तीन आठवडे दोन्हीकडून फोन नाही.

दादाला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. ख्रिसमसच्या आधीच कळलं होतं, आणि मला सांगायचं नाही हे त्यानंच ठरवलं होतं. हे मी त्याला माफ केलेलं नाही. सांगितलं असतं तर त्या बाईनं मागितलं असतं ते दिलं असतं मी. वहिनीला हे मी तेराव्याच्या दिवशीच बोलून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणूनच नाही सांगितलं. ते म्हणायचे, वसूला कळलं तर ती माझ्याशी भांडायची बंद होईल." मग म्हणाली, "आणि घर मिळालं असतं तरी जून कुठे आला असता..."

म्हणजे घर मी घालवलंच नाही. घालवले ते तीन आठवडे.

त्याच दिवशी निघताना माझी भाची मीरा माझा कोट घेऊन आली. ती इथंच जन्मली, तिचं मराठी तसं अडखळत. म्हणाली, "आत्या, त्या दिवशी बाबा बाहेर आला होता. स्लिपर्समध्येच. मी म्हटलं, shout for her. तो म्हणाला, गाडी चालवणाऱ्याला मागून हाक मारायचा नसतो. मग तो गाडीच्या पुढे यायला निघाला, पण त्याला दम लागला. पोर्चमध्ये धरून उभा राहिला. तू गेलीस तरी उभा होता."

नकाशा अजून त्या टेबलावरच आहे, वहिनीनं उचललेला नाही. फाइलमधला खोल्यांचा कागद मी बघितला. समुद्रासमोरच्या खोलीपुढे त्यानं आधी 'मी' असं लिहिलं होतं. ते खोडून 'वसू' केलं होतं.

मी आता दर रविवारी जाते. निघताना गाडीत बसले की आधी आरसा नीट करते. त्यात पोर्च दिसतो, चपलांचं स्टँड दिसतं, दार दिसतं. वहिनीला सांगून ठेवलंय की मला सोडायला बाहेर येऊ नकोस. दार लावून घे... मी निघेन सावकाश.