ताईची कंबर

ताईच्या पोटावरची चरबी काढून घ्यायची हे जिजाजींनी ठरवलं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, फरीदाबादेत हॉल बुक झाला होता आणि त्यांच्या कारखान्यातले साहेबलोक बायकांना घेऊन येणार होते. त्या बायका म्हणे ताईहून मोठ्या असून 'मेंटेन्ड' होत्या. जिजाजी स्वतः खुर्चीत बसले की त्यांच्या शर्टाची मधली बटणं जीव मुठीत धरून असत, पण त्याकडे बघायचं काम कुणाचंच नव्हतं.

ऑपरेशननंतर ताई दिल्लीत माझ्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, कारण जिजाजींना रक्त बघवत नाही. ऑफिसातून रजा मी घेतली. क्लिनिकमधल्या लाघवी मुलीने आधी सांगितलं होतं की आठवड्यात मॅडम नाचायला लागतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईची चादर ओलीचिंब. पोटावरच्या बारीक छेदांतून गुलाबी पाणी झिरपत होतं. मी घाबरून फोन केला, तर ती मुलगी म्हणाली, "नॉर्मल है मॅम, जितना निकले उतना अच्छा." खरंच नॉर्मल होतं. पण हे अगोदर सांगितलं असतं तर मी खाली प्लास्टिक अंथरलं असतं. मग त्यांच्या गुळगुळीत जाहिरातपत्रकावरच्या सपाट पोटाच्या बाईचं हसू कमी झालं असतं, एवढंच.

छातीखालपासून मांड्यांपर्यंत ताईला एक घट्ट पट्ट्यांचा पोशाख चढवला होता. मे महिना, कूलर गरम हवा फेकतोय आणि तो पोशाख दिवसरात्र घालायचा. पहिल्यांदा आंघोळीसाठी उतरवला तेव्हा तिला घेरी आली, मी तिला स्टुलावर बसवून धरून ठेवलं. अंग काळंनिळं पडलं होतं. काही ठिकाणी बोट लावलं तरी तिला कळत नव्हतं आणि शेजारीच आग होत होती. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तेव्हा ती कमरेत वाकून, भिंतीला धरून व्हरांड्यात फेऱ्या घालायची. विनाकारण रडायची.

अशात रविवारी जिजाजी आले. पिशवीतून त्यांनी वजनकाटा काढला. ताई मुकाट्याने त्यावर उभी राहिली. वजन पूर्वीपेक्षा जास्त भरलं.

"मग काढलं काय त्यांनी?" जिजाजी म्हणाले.

सूज आहे, आत पाणी साठलंय, नीट आकार यायला महिने लागतात, असं मी सांगत होते. ते ऐकत नव्हते, घड्याळ बघत होते. करोल बागेत त्यांचा नवा सूट तयार झाला होता. चहा पिऊन ते तो आणायला गेले, काटा मात्र विसरले नाहीत, ताईने रोज वजन करावं म्हणून मुद्दाम इथेच ठेवून गेले. मी तो त्याच संध्याकाळी कबाडीवाल्याला फुकट दिला.

समारंभाला ताई गेली नाही. उभं राहवत नव्हतं आणि जुनं एकही ब्लाउज चढत नव्हतं. जिजाजींनी नव्या सुटात केक कापला, बायकोला डेंग्यू झालाय असं सांगितलं. मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना. आणि साहेबलोकांनी मान डोलावली.

दिवाळीच्या सुमारास पोटावरचे टणक गोळे विरघळले, सूज उतरली. कंबर खरंच बारीक झाली होती, हे कबूल करायला हवं. भाऊबीजेला आम्ही सगळे फरीदाबादला ताईकडे जमलो होतो. जिजाजींनी ताईकडे ग्राहकाच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाले, आता दंडांचंही करून टाकू.

ताई जेवायला वाढत होती. माझ्या पानात पुरी ठेवून ती म्हणाली, "दंड हेच राहतील. तुम्हाला नको असतील तर दुसरं घर बघा."

जिजाजी हसले. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी बासुंदी मागितली. ताईने वाटी त्यांच्यापुढे ठेवली नाही, पातेलं सरकवलं आणि माझ्याशेजारी जेवायला बसली.