हुकमाचं रडणं

"इथं थांबव," सासूबाई म्हणाल्या. दिरानं रिमोट दाबला. टीव्हीवर माझं तोंड अडकलं. माझ्या लग्नातली पाठवणी. आई गळ्यात पडून रडतीय, मावशी पदर तोंडात धरून रडतीय, आणि मी कोरडी. सोफ्यावर पावणं बसलेलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात.

"बघा आमची सून. डोळ्यात एक थेंब नाही," सासूबाई म्हणाल्या. "जन्म दिलेल्या आईसाठी रडली नाही, ती आमच्यासाठी काय रडणार?"

सगळी हसली. नवराबी हसला. कॉलेजात शिकवतो तो.

ही करमणूक दर पावण्यापुढं व्हायची. पाठवणीत शूटिंगवाल्यानंबी सांगितलेलं, "वहिनी, जरा रडा की, सीन चांगला येतोय." मी रडायला लई बघितलं. पाणी आलं न्हाय.

कसं येणार? गारगोटी गावात आई एका वकिलाच्या घरी धुणीभांडी करायची. मी लहान. त्यांच्या पोरीच्या बाहुलीला हात लावला म्हणून तिनं माझं केस उपटलं. मी भोकाड पसरलं. वकीलणबाई आतनं आल्या. पोरीला काय बोलल्या न्हाईत. आईला म्हणाल्या, "हिचं तोंड बंद ठेवता येत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस." आईनं साबणाच्या हातानंच माझं तोंड दाबलं. तिथनं पुढं रोज त्या दारात चप्पल काढताना सांगायची, "आवाज करायचा न्हाय." न्हाय केला. बा गेला तवाबी न्हाय.

एका बंगल्यानं रडू दिलं न्हाय. आता दुसऱ्याला रडून दाखवायला पायजे. वा रं न्याय.

मी ट्रे खाली ठेवला आणि टीव्हीची वायर उपसली. म्हटलं, "माझं तोंड परत कुणाला दाखवायचं न्हाय." पावण्यांनी चहाकडं बघितलं.

नवरा मागनं स्वयंपाकघरात आला. "लोकांसमोर शोभतं का हे? तुला काही वाटतं की नाही?"

हे त्यानं आजवर लई वेळा विचारलेलं. आमची पोरगी झाली तवाबी. दर बारीला मी आत शोधायची, काय गावायचं न्हाय, म्हणून गप बसायची. ह्या बारीला गावलं.

"वाटतं की," मी म्हटलं. "राग. तुमचा. तुम्ही हसला त्याचा."



माया कुठं हाय, दुःख कुठं हाय, मला अजून ठावं न्हाय. माझं मी शोधीन. गावलं तर सांगीनबी, पण कुणी मागितलं म्हणून न्हाय. आज राग गावलाय. माझा हाय. त्यो मी बोलणार, आणि ऐकणाऱ्याला सोसंना म्हणून आवरणार न्हाय.