मोटार कुणाकडंच नव्हती

विशाखा साळवे कुणाच्या घरी कॉम्प्युटर शिकवायला गेली की आधी स्वतःचे हात पाठीमागं घ्यायची. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरायची आणि शिकणाऱ्याच्या खुर्चीमागं उभी राहायची. समोरचा माणूस घामाघूम होवो, चुकीचं काही उघडून बसो, ही माऊसला बोट लावायची नाही. "तुम्हीच दाबा. आणि काय दाबलं ते तोंडानं सांगा."

लोक चिडायचे. बोलावून आणलेली बाई नुसती उभी राहून हुकूम सोडते म्हणजे काय? एका निवृत्त साहेबांनी तर तिला घराबाहेर काढलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, आणि ती गेलीही. रुसून बसायला तिला सवड नव्हती.

हा हट्ट तिच्या स्वतःच्या शिकण्यातून आला होता. मुकुंदवाडीच्या ज्या क्लासमध्ये ती शिकली, तिथं एका कॉम्प्युटरभोवती मुलींचा घोळका बसायचा. मास्तर स्वतःच भराभरा सगळं करायचे आणि विचारायचे, "समजलं का?" सगळ्या मुली एका सुरात हो म्हणायच्या. समजलेलं कुणालाच नसायचं. पुढं त्याच क्लासमध्ये विशाखाला झाडलोटीची आणि कुलूप लावायची नोकरी मिळाली, तेव्हा रिकाम्या खोलीत एकटी बसून, चुकून, पुन्हा करून ती खरं शिकली. दुसऱ्याचा हात बघून शिकता येत नाही, हे तिथं तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

तिचे आजोबा करमाडकडच्या एका खेड्यातून बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला म्हणून निघाले आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं राहिले ते राहिलेच. वडील, कडुबा, चिकलठाण्याच्या कारखान्यात लागले. पोरीनं स्कूटी घेऊन शिक्षित लोकांच्या घरी शिकवायला जावं, याचं त्यांना इतकं कौतुक होतं की रोज सकाळी स्कूटी तेच पुसायचे. दोन हजार सोळाच्या दुष्काळातही पुसायचे, पण कोरड्या फडक्यानं.

कारण तो उन्हाळा भयंकर होता. जायकवाडीचं धरण तळाला गेलेलं. शहर मात्र चहूबाजूंनी सुटलेलं. बीड बायपासपलीकडं इमारतींवर इमारती, आणि प्रत्येक इमारतीखाली टँकर. नळाला पाणी चार-चार दिवसांनी. आणि याच वर्षांत शहरातल्या सगळ्या पेन्शनरांच्या घरात मुलांनी घेऊन दिलेले लॅपटॉप येऊन पडले होते. विशाखाला काम कमी नव्हतं.

गारखेड्याच्या एका गल्लीत अनसूयाबाई आणि त्यांचे यजमान अनंतराव राहायचे. अनसूयाबाईंनी कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी विशाखाला आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग थोडं थांबून चहा विचारला. विशाखानं तिन्हींची उत्तरं दिली आणि पासवर्ड विचारला. तिथून दोघींचं जमलं. दोघीही तोंडाच्या फटकळ. असल्या बायकांचं एक तर पहिल्याच दिवशी मोडतं, नाही तर जन्मभर टिकतं.

त्या मे महिन्यात सकाळी सकाळी अनसूयाबाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. अनंतरावांच्या फुप्फुसावर काहीतरी दिसलं होतं. इथले डॉक्टर भले होते. ते म्हणाले, मला खात्री नाही, उघडून बघावं लागेल. पण मुंबईच्या माझ्या सरांनी स्कॅन पाहिला तर बरं. ते सर दुपारच्या विमानानं परदेशी निघणार होते. नऊलाच घर सोडणार, म्हणजे त्याआधी बघतील तेवढंच. अनंतरावांना त्याच दिवशी दुपारी दाखल व्हायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी छाती उघडायची होती. बहात्तर वर्षांच्या, दम्याच्या माणसाची.

स्कॅनची सीडी रात्री हातात आली, तशी अनसूयाबाईंनी ती स्वतःच ईमेलनं पाठवली होती आणि निर्धास्त झोपल्या होत्या. सकाळी मुंबईहून सरांच्या मदतनिसाचा फोन आला: बाई, यात काहीच नाही.

विशाखानं येऊन पाठवलेला ईमेल बघितला. सीडी घातल्यावर पडद्यावर एक चित्र येतं, त्यावर टिचकी मारली की फोटो दिसतात. अनसूयाबाईंनी ते चित्रच पाठवलं होतं. म्हणजे दाराची बेल पाठवली आणि घर इथंच ठेवलं.

"मी मूर्ख आहे," अनसूयाबाई म्हणाल्या.

"ते नंतर ठरवू," विशाखा म्हणाली. "सीडी उघडा. चित्रावर नाय, बाजूला डावीकडं यादी दिसते तिथनं. आत फोल्डर आहे का?"

"आहे."

"आख्खं घ्या. कॉपी. आता पेन ड्राईव्हवर."

जुन्या कॉम्प्युटरला सीडीची खाच होती, पण एवढं ओझं नेटवर चढवायचा दम नव्हता; नव्या लॅपटॉपला दम होता, खाच नव्हती. म्हणून आधी पेन ड्राईव्हवर, तिथून लॅपटॉपवर, मग सगळ्याची एक गठडी बांधायची, ती इंटरनेटवरच्या जागेत चढवायची आणि मुंबईला फक्त त्या जागेचा पत्ता पाठवायचा. अनसूयाबाई एकेक पायरी मोठ्यानं म्हणत होत्या, वर्गात समीकरण सोडवावं तशा. अनंतराव आतल्या खोलीत वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत होते. वाचत नव्हते.

गठडी चढायला लागली. पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि नेट गेलं.

पुन्हा लावलं. पुन्हा गेलं. विशाखानं गठडीचे लहान लहान तुकडे करायला लावले, म्हणजे एक पडला तरी दुसरा वाचेल. पहिला तुकडा कसाबसा गेला. दुसरा पडला, तिसरा पडला. मोबाईलच्या नेटवर लावून बघितलं, तर ते संध्याकाळपर्यंतचा वेळ दाखवू लागलं. आणि सायबर कॅफे दहाच्या आत शटर वर करत नव्हते.

विशाखा बाहेर ओट्यावर गेली. केबलवाल्याचा डबा गल्लीतल्या खांबावर होता, नेट तिथूनच घराघरात येत होतं. डब्यावरचा दिवा लागायचा, मंद व्हायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. तिनं कान दिला. सगळी गल्ली घुमत होती. प्रत्येक फाटकाच्या आतून एकच आवाज: घुर्र, घुर्र.

आज पाण्याचा दिवस होता.

नळाला थेट मोटार लावून पाणी ओढायला महापालिकेची बंदी. पथकानं पकडलं की मोटार जप्त. म्हणून त्या गल्लीत मोटार कुणाकडंच नव्हती. आणि नळ आला की सगळ्यांच्या एकदम चालू व्हायच्या. मग विजेचा दाब असा खाली बसायचा की खांबावरचा डबा धापा टाकायचा. जोवर मोटारी चालू, तोवर नेट नाही. मोटारी दोन तास चालणार होत्या. दोन तास मुंबईचे सर थांबणार नव्हते.

विशाखा शेजारच्या नानासाहेबांच्या फाटकापाशी गेली. अनंतरावांची गोष्ट सांगितली आणि थोडा वेळ मोटार बंद ठेवा, असं विनवलं. नानासाहेब हातात पाइप धरून उभे होते. मागून मोटार इतकी घुमत होती की त्यांना ओरडून बोलावं लागलं.

"कसली मोटार? आमच्याकडं मोटार नाही."

"मग हा आवाज कशाचा, काका?"

"मिक्सर आहे. बायको चटणी वाटतेय."

पुढच्या घरात मिक्सर होता, त्याच्या पुढं वॉशिंग मशीन. पाण्याचा थेंब नसलेल्या शहरात सकाळी सातला कपडे धूत होते म्हणे. खोटं बोलताना माणसं किती गरीब चेहरा करतात. विशाखा दात-ओठ खात परत आली. "काकू, तुमची गल्ली लई बेरकी आहे. चार दिवसांचं पाणी कुणी सोडत नाय. मी सोडलं नसतं."

अनसूयाबाई उठल्या, मागच्या अंगणात गेल्या आणि स्वतःची मोटार बंद केली. हो, त्यांचीही होतीच. विशाखाला इतका वेळ लक्षात आलं नव्हतं, कारण अनसूयाबाईंनी ती गोधडीत गुंडाळलेली होती. मग पदर खोचून त्या फाटकाबाहेर गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. जन्मभर शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेली बाई ती.

"पथक आलंय हो," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, बातमी द्यावी तसं म्हणाल्या. "कोपऱ्यावर गाडी उभी आहे. नानासाहेबांच्या घरापासून सुरू करणार म्हणतायत."

आधी नानासाहेबांची चटणी वाटून झाली. मग त्यांच्या पुढचं घर, त्याच्या पुढचं. घुरघुर एकेक करत गळत गेली आणि गल्ली अशी शांत झाली की कुठल्या तरी घरातल्या रेडिओवरचे बाजारभाव ऐकू येऊ लागले. फाटकांच्या आत पाइप गुंडाळल्याची, पोती टाकल्याची खसफस तेवढी चालली होती.

खांबावरचा दिवा लागला आणि लागलेला राहिला.

"चला," विशाखा म्हणाली. "दुसरा तुकडा. म्हणा."

"दुसरा तुकडा. निवडला. चढव म्हटलं." दुसरा गेला. तिसरा गेला. शेवटच्या तुकड्याची हिरवी पट्टीही टोकाला टेकली. पत्ता मुंबईला गेला. विशाखानं मदतनिसाला फोन लावून तिथल्या पडद्यावर उघडतंय का, हे विचारलं, आणि उघडल्यावरच खुर्ची ओढून बसली.

तेवढ्यात फाटक वाजलं. गल्लीच्या अगदी शेवटच्या घरातल्या सरूबाई होत्या. अख्ख्या उन्हाळ्यात त्यांच्या नळाला पाणी पोचलं नव्हतं, वरच्या मोटारीच सगळं ओढून घ्यायच्या. सरूबाईंकडं खरोखरच मोटार नव्हती.

"बाई, नळ आला," त्या म्हणाल्या. "पार पिंप भरलं. पथकाच्या साहेबांना चहा द्यायचा म्हणते मी, कुठं गेले?"

"गेले ते," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुम्ही घागरी भरा आधी."

मुंबईचा फोन यायला बराच वेळ लागला. त्या वेळात गल्लीतल्या मोटारी एकेक करून, चाचपडत, पुन्हा सुरू झाल्या. अनसूयाबाईंची तेवढी बंदच राहिली. फोन अनंतरावांनी स्वतः घेतला. हो सर. हो. लहानपणी, हो, पैठणला असताना. वर्षभर औषध होतं. विशाखाला त्यांच्या पाठीवरून काही कळेना.

त्यांनी फोन ठेवला. "जुना डाग आहे," ते म्हणाले. "लहानपणच्या क्षयाचा. भरलेली जखम आहे म्हणाले, चाकू लावायचं काम नाही. इथल्या डॉक्टरांना तेच फोन करतायत. दर सहा महिन्यांनी फोटो काढा, बस."

अनसूयाबाई खाली जमिनीवरच बसल्या. रडल्या नाहीत. लॅपटॉपच्या वायरीला गाठ पडली होती, ती सोडवत बसल्या आणि सुटल्यावरही सोडवत राहिल्या. विशाखानं उठून त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. "प्या, काकू. आता जीव भांड्यात पडू द्या."

अनंतराव मात्र टॉवेल घेऊन न्हाणीघराकडं निघाले. दाखल व्हायच्या धास्तीनं आदल्या दिवसापासून त्यांनी धड आंघोळ केली नव्हती, आणि त्या उन्हाळ्यात आंघोळ म्हणजे दोन तांबे, असा घरचा नियम होता. आतून तांब्याचा आवाज आला. एक, मग दुसरा. मग बादलीच ओतल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ते गुणगुणायला लागले, बेसूर आणि मोठ्यानं.

टाकी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती आणि पाणी आता चार दिवसांनी येणार होतं. अनसूयाबाईंनी दाराकडं बघितलं, विशाखाकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "ओतू दे."